श्वसनविकारोत्तर बलवर्धन

श्वसनविकारोत्तर बलवर्धन : फुप्फुसांच्या गंभीर आजारातून वाचलेल्या रुग्णाच्या क्षीण झालेल्या स्नायूंवर क्रमाक्रमाने वाढणारा भार घालून त्याची शक्ती व दैनंदिन कामे करण्याची क्षमता परत मिळवून देण्याच्या उपचारपद्धतीस श्वसनविकारोत्तर बलवर्धन म्हणतात. क्षयरोग, तीव्र न्यूमोनिया, दीर्घकालीन अवरोधी फुप्फुसविकार, कृत्रिम श्वसनयंत्राची गरज पडलेली श्वसनन्यूनता आणि २०२० नंतर कोविड-१९ या आजारांच्या संदर्भात तिचा विचार होतो. ती श्वसनपुनर्वसनाचा एक भाग असून चालणे, श्वसनाचे व्यायाम, आहार व रुग्णशिक्षण हे त्याचे इतर भाग होत.

आजार फुप्फुसांचा असताना उपचार हातापायांच्या स्नायूंवर का करावा, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास वैद्यकाला सुमारे दीड शतक लागले. या काळात रुग्णाला पूर्ण विश्रांती द्यावी की त्याच्याकडून श्रम करवावेत, याविषयीचे मत अनेकदा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेले. अखेरीस विश्रांती व श्रम ही दोन्ही औषधाप्रमाणे मात्रेने देण्याच्या गोष्टी आहेत आणि दोहोंची मात्रा चुकल्यास अपाय होतो, असा निष्कर्ष निघाला. या पद्धतीचा इतिहास हा मुख्यतः ही मात्रा शोधण्याचा इतिहास होय.

शारीरिक पार्श्वभूमी : स्नायू वापरात नसला की त्यातील प्रथिनांची निर्मिती मंदावते व तो झपाट्याने रोडावतो. शरीराचा भार पेलणारे मांड्यांचे, पोटऱ्यांचे व नितंबांचे स्नायू यात प्रथम क्षीण होतात. गंभीर आजारात या निष्क्रियतेला शोथ, ताप, अपुरा आहार, रक्तातील ऑक्सिजनची कमतरता आणि काही वेळा स्टेरॉइड औषधे यांची जोड मिळते. परिणामी स्नायूंची झीज केवळ अंथरुणास खिळलेल्या निरोगी माणसापेक्षा पुष्कळ अधिक होते. दुबळ्या स्नायूत थोड्या श्रमानेही लॅक्टिक अम्ल साचू लागते. ते निष्प्रभ करताना जादा कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो व तो बाहेर टाकण्यासाठी श्वसन वाढवावे लागते. याप्रमाणे पायांतील दौर्बल्य दमेच्या रूपाने छातीत जाणवते. दम लागतो म्हणून रुग्ण हालचाल टाळतो, हालचाल टाळल्याने स्नायू अधिक दुबळे होतात आणि दम आणखी लवकर लागतो. हे दुष्टचक्र फुप्फुसे बरी झाल्यानंतरही चालू राहू शकते. बलवर्धनाचा हेतू ते स्नायूंच्या बाजूने तोडण्याचा असतो.

आरोग्यधामांचा काळ : क्षयावर गुणकारी औषध नव्हते त्या काळी या प्रश्नाचा पहिला पद्धतशीर विचार झाला. जर्मन वैद्य हेरमान ब्रेमर (१८२६–८९) यांनी सायलीशियातील ग्यॉरबर्सडॉर्फ (सध्या पोलंडमधील सोकोवोफ्स्को) येथे १८५४ मध्ये क्षयरोग्यांसाठी उपचारगृह सुरू केले. क्षयरोग्याचे हृदय शरीराच्या मानाने लहान व दुर्बल असते आणि म्हणून फुप्फुसांचे पोषण नीट होत नाही, अशी त्यांची समजूत होती. हृदय बळकट करण्यासाठी ते रुग्णांना डोंगरवाटांवरून चढण चढावयास लावीत. वाटेवर विसाव्यासाठी बाके ठेवलेली असत आणि चालण्याचे अंतर वैद्य ठरवून देत. हृदयाविषयीची ही उपपत्ती पुढे टिकली नाही.

ब्रेमर यांचे रुग्ण व नंतर साहाय्यक असलेले पेटर डेटवायलर (१८३७–१९०४) यांनी १८७६ मध्ये टाउनुस डोंगरातील फाल्केनश्टाइन येथे स्वतःचे आरोग्यधाम उघडले आणि गुरूच्या मताला मुरड घातली. श्रमाने ताप चढतो व रक्ताची गुळणी होण्याचा धोका वाढतो, असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी उघड्या सज्जात आरामखुर्च्या मांडून रुग्णांना दिवसाचे अनेक तास नुसते पडून राहण्यास सांगितले. मोकळी हवा, भरपूर आहार व निश्चल विश्रांती ही त्रयी नंतर यूरोप-अमेरिकेतील आरोग्यधामांची ओळख बनली. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयजंतूचा शोध लावला, तरी उपचारात लगेच फरक पडला नाही.

विश्रांतीचा हा विचार पुढे एकेका फुप्फुसापर्यंत नेण्यात आला. इटालियन वैद्य कार्लो फोर्लानीनी (१८४७–१९१८) यांनी छातीच्या पोकळीत हवा भरून रोगट फुप्फुस मिटवून ठेवण्याची, म्हणजे कृत्रिम वातवक्षाची, पद्धत रूढ केली. काही रुग्णांच्या बरगड्यांचे भाग काढून छातीची ती बाजू कायमची दाबून टाकीत. फुप्फुसाला विसावा मिळाला की ते भरून येईल, हा या सर्व उपायांमागील तर्क होता. महिनोन्‌महिने अंथरुणात काढलेल्या रुग्णाच्या बाकीच्या शरीराचे काय होते, याकडे मात्र क्वचितच लक्ष दिले गेले.

श्रेणीबद्ध श्रम : या प्रवाहाविरुद्ध सर्वांत ठाम प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयाने सरे परगण्यातील फ्रिमली येथे विसाव्या शतकाच्या आरंभी आरोग्यधाम काढले. त्याचे वैद्यकीय अधीक्षक मार्कस पॅटरसन यांच्यापुढे एक व्यावहारिक अडचण होती. येथे येणारे बहुतेक रुग्ण कष्टकरी वर्गातील होते. कित्येक महिने आरामखुर्चीत काढून व भरपूर खाऊन ते वजनाने वाढत, पण घरी परतल्यावर त्यांना पुन्हा शारीरिक मेहनतीचे काम करावयाचे असे आणि ते त्यांना झेपत नसे.

पॅटरसन यांनी यावर श्रमांच्या चढत्या पायऱ्या आखल्या. आरंभी ताप नसलेल्या रुग्णाने रोज सुमारे अर्धा मैल चालावे आणि हे अंतर हळूहळू दहा मैलांपर्यंत वाढवावे. ते झेपल्यावर त्याला टोपल्यांतून माती वाहण्याचे काम मिळे. त्यानंतर लहान फावडे, मग मोठे फावडे व शेवटी कुदळ हाती येई. अखेरच्या पायरीवरील रुग्ण दिवसाला सहा तासांपर्यंत खोदकाम करीत. प्रत्येकाचे तापमान, भूक, वजन व थकवा यांवर लक्ष ठेवले जाई. अंगात कसर आली, डोके दुखू लागले वा भूक मंदावली, तर श्रमाची मात्रा जास्त झाली असे समजून त्याला अंथरुणात झोपवीत व बरे वाटल्यावर पुन्हा खालच्या पायरीपासून सुरुवात करीत. ही पद्धत त्यांनी १९०८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकातून मांडली आणि १९११ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

पॅटरसन यांनी दिलेले स्पष्टीकरण त्या काळच्या रोगप्रतिकारविज्ञानाला धरून होते. ऑल्मरॉथ राइट यांच्या मते रक्तातील विशिष्ट द्रव्यांमुळे जंतू भक्षक पेशींना खाद्य म्हणून योग्य होतात व या द्रव्यांचे प्रमाण मोजता येते. श्रमामुळे रोगट भागातील जंतुविष थोडे थोडे रक्तात मिसळते, ते लसीसारखे कार्य करते आणि रुग्ण स्वतःच स्वतःला लस टोचून घेतो, असा पॅटरसन यांचा सिद्धांत होता. तो पुढे मागे पडला. फ्रिमलीस मुख्यतः निवडक व सौम्य आजाराचे रुग्ण पाठविले जात आणि तुलनेसाठी श्रम न करणारा समान गट ठेवलेला नव्हता. यामुळे या पद्धतीने क्षय बरा होतो, हा दावा सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. शिवाय रुग्णांच्या श्रमातून संस्थेची कामे होत असल्याने उपचार कोठे संपतो व फुकटची मजुरी कोठे सुरू होते, हा प्रश्नही उरतो.

असे असले, तरी पॅटरसन यांच्या कार्यपद्धतीत आधुनिक बलवर्धनाची सर्व मुख्य लक्षणे दिसतात. लहान भारापासून आरंभ, ठरावीक टप्प्यांनी वाढ, प्रत्येक रुग्णासाठी वेगळी मात्रा, धोक्याच्या खुणांची नोंद आणि रुग्णाला ज्या जीवनात परतावयाचे आहे त्याच्याशी जुळणारे श्रम, ही ती लक्षणे होत. पेंड्रिल व्हॅरिअर-जोन्स (१८८३–१९४१) यांनी केंब्रिजजवळ स्थापिलेल्या व १९१८ मध्ये पॅपवर्थ येथे हलविलेल्या वसाहतीत शेवटचे लक्षण अधिक पुढे नेले. तेथे रुग्ण कुटुंबासह राहत आणि सुतारकाम, पेट्या तयार करणे इ. कामे आपल्या कुवतीप्रमाणे करून वेतन मिळवीत.

भारतातही या काळात आरोग्यधामे उभी राहिली. महाराष्ट्रात पाचगणी व मिरज येथील आणि आंध्र प्रदेशात मदनपल्ले येथील संस्था प्रसिद्ध आहेत. कोरडी व थंड हवा, सकस आहार व विश्रांती यांवरच त्यांचा मुख्य भर होता.

औषधांचे आगमन व मद्रासचा प्रयोग : १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनाचा शोध लागला व १९५२ पासून आयसोनियाझिड वापरात आले. क्षय औषधांनी बरा होऊ लागल्यावर विश्रांतीची आवश्यकता तपासून पाहणे प्रथमच शक्य झाले. ही निर्णायक तपासणी भारतात झाली. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास राज्य शासन, जागतिक आरोग्य संघटना व ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषद यांच्या सहकार्याने १९५६ मध्ये मद्रास (सध्याचे चेन्नई) येथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला आरोग्यधामात व दुसऱ्याला घरी राहून वर्षभर तीच औषधे देण्यात आली. घरच्या रुग्णांचा आहार निकृष्ट होता, घरे दाटीची होती आणि त्यांना विश्रांतीही कमी मिळत होती. तथापि १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांतील यश जवळपास सारखे होते व घरच्या माणसांना संसर्गाचा धोकाही वाढलेला आढळला नाही.

या प्रयोगाने जगभरच्या क्षयोपचाराची दिशा बदलली व आरोग्यधामे हळूहळू बंद पडली किंवा सामान्य रुग्णालये झाली. औषध चालू असताना हिंडणेफिरणे अपायकारक नाही, हे यातून निश्चित झाले. परंतु त्याचा एक अनपेक्षित परिणामही झाला. जंतू नाहीसे झाले की रुग्ण बरा झाला, अशी समजूत दृढ झाली आणि औषधांनंतर उरणाऱ्या अशक्ततेचा प्रश्न दृष्टीआड गेला.

विश्रांतीच्या दोषांची जाणीव : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांच्या गर्दीमुळे रुग्णांना लवकर उठविणे भाग पडले व त्यातून अपाय न होता लाभच होतो, असे दिसून आले. अमेरिकेतील शिकागो येथील लष्करी रुग्णालयात टॉमस डीलॉर्म (१९१७–२००३) यांनी गुडघ्याच्या दुखापतीनंतर दुर्बल झालेल्या मांड्यांसाठी भारी वजने उचलण्याचा व्यायाम योजला. पौगंडावस्थेत ते संधिवाती ज्वराने अंथरुणास खिळले होते व नंतर वजने उचलून त्यांनी स्वतःची प्रकृती सुधारली होती. हलक्या भाराच्या पुष्कळ आवर्तनांनी दमश्वास वाढतो, परंतु शक्ती वाढण्यास भारच वाढवावा लागतो, हे त्यांनी १९४५ मध्ये मांडले. जो भार सलग दहा वेळाच उचलता येतो, तो त्यांनी मापदंड मानला. १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी या भाराच्या निम्म्याने, पाऊणपटीने व शेवटी पूर्ण भाराने प्रत्येकी दहा आवर्तने करण्याचा क्रम सुचविला. बालपक्षाघाताच्या रुग्णांतही त्यांनी ही पद्धत वापरली. बलवर्धनाची मात्रा आकड्यात सांगण्याची रीत येथून सुरू झाली.

ब्रिटिश वैद्य रिचर्ड ॲशर यांनी १९४७ मध्ये एका गाजलेल्या लेखात अंथरुणात पडून राहण्याचे प्रत्येक इंद्रियसंस्थेवर होणारे दुष्परिणाम मांडले. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅलस येथील प्रयोगात पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवण्यात आले. तेवढ्या अवधीत त्यांची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरण्याची क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. रोग नसताना केवळ विश्रांतीने एवढी हानी होते, तर रोग्याची स्थिती काय होत असेल, याची कल्पना यावरून आली.

श्वसनपुनर्वसनाचा उदय : वातस्फीती व दीर्घकालीन श्वासनलिकाशोथ यांच्या रुग्णांना विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दम लागेल असे काहीही न करण्याचा सल्ला मिळे. न्यूयॉर्कचे वैद्य ॲल्व्हन बॅराक (१८९५–१९७७) यांनी १९५२ मध्ये निराळे निरीक्षण नोंदविले. ऑक्सिजन घेत चालण्याचा सराव केलेल्या रुग्णांची चालण्याची ताकद वाढते, असे त्यांना दिसले. डेन्व्हर येथील टॉमस पेटी (१९३२–२००९) व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात बरोबर नेता येणारा ऑक्सिजन, चालण्याचा सराव, श्वसनाचे शिक्षण व कुटुंबाचा सहभाग यांची सांगड घातली. त्यांचा १९६९ मधील अहवाल श्वसनपुनर्वसनाचा एक पाया मानला जातो.

तथापि एक शंका शिल्लक होती. पुनर्वसनाने रुग्णाला बरे वाटे, पण फुप्फुसांच्या चाचण्यांत सुधारणा दिसत नसे. म्हणून हा लाभ केवळ मानसिक असावा, असे अनेकांना वाटे. या शंकेचे निरसन १९९० नंतर झाले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पुरेशा जोमदार सरावानंतर तेवढ्याच श्रमाला रुग्णाच्या रक्तात कमी लॅक्टिक अम्ल साचते व त्याला कमी श्वसन पुरते, असे आढळले. कॅनडातील हॅमिल्टन येथील संशोधकांनी श्रमचाचणी मध्येच थांबविणाऱ्या रुग्णांकडून थांबण्याचे कारण समजून घेतले, तेव्हा अनेकांनी दमापेक्षा पाय भरून आल्याचे सांगितले. त्याच शहरात १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीत अशा रुग्णांना आठ आठवडे वजने उचलण्याचा सराव देण्यात आला. फुप्फुसांची क्षमता होती तेवढीच राहिली, परंतु स्नायूंची शक्ती व सायकल चालविण्याचा कालावधी वाढला आणि दैनंदिन व्यवहारातील दम कमी झाला. १९९९ मध्ये अमेरिकन व यूरोपीय वक्षविज्ञान संस्थांनी संयुक्त निवेदनाद्वारे स्नायूंची दुर्बलता हा या विकाराचाच एक भाग असल्याचे मान्य केले.

अतिदक्षता विभागानंतरचे जीवन : १९५२ मध्ये कोपनहेगन येथे बालपक्षाघाताच्या साथीत शेकडो रुग्णांचा श्वास हातांनी चालवून त्यांना जगविण्यात आले. त्या अनुभवातून अतिदक्षता विभागाची कल्पना विकसित झाली. १९६७ मध्ये डेन्व्हर येथील वैद्यांनी १२ रुग्णांच्या आधारे तीव्र श्वसनन्यूनता लक्षणसमूहाचे वर्णन केले. या वैद्यांत पुनर्वसनाचे प्रवर्तक पेटी हेही होते. पुढील दशकांत श्वसनयंत्रांच्या सुधारणेमुळे या अवस्थेतून वाचणाऱ्यांची संख्या वाढली. वाचल्यानंतर त्यांचे काय होते, हे मात्र बराच काळ कोणी पाहिले नव्हते.

टोराँटो येथील मार्गारेट हेरिज व सहकाऱ्यांनी अशा १०९ रुग्णांचा पाठपुरावा करून २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अतिदक्षता विभागातून बाहेर पडताना या रुग्णांचे वजन मूळ वजनाच्या सरासरी १८ टक्क्यांनी घटले होते. त्यांची फुप्फुसे सहा महिन्यांत बहुतांशी पूर्ववत झाली. परंतु सहा मिनिटांत चालण्याचे अंतर वर्षानंतरही अपेक्षित अंतराच्या सुमारे दोन तृतीयांशच होते व निम्म्याच व्यक्ती कामावर परतू शकल्या होत्या. स्नायूंची झीज व अशक्तता हे याचे प्रमुख कारण होते. हे रुग्ण प्रामुख्याने मध्यम वयाचे, म्हणजे संसाराचा भार वाहणाऱ्या वयाचे होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या पाठपुराव्यातही ही उणीव पूर्णपणे भरून आलेली नव्हती. फुप्फुस बरे होणे म्हणजे माणूस बरा होणे नव्हे, हे यावरून निःसंदिग्धपणे सिद्ध झाले. लंडनमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अतिदक्षता विभागातील पहिल्या दहा दिवसांतच मांडीच्या पुढील स्नायूच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १८ टक्क्यांनी घटते, असे मोजमापाने आढळले.

यावर उपाय म्हणून श्वसनयंत्रावर असतानाच रुग्णाला गुंगीतून जागे करून बसविण्याचे व उभे करण्याचे प्रयत्न सुरू झाले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०४ रुग्णांवरील अमेरिकन चाचणीत असे केलेल्या गटातील ५९ टक्के, तर इतरांपैकी ३५ टक्के रुग्ण रुग्णालय सोडताना स्वतःची कामे स्वतः करू शकत होते. बेल्जियममधील ल्यूव्हेन येथे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अवरोधी विकार बळावून रुग्णालयात आलेल्यांना मांडीच्या स्नायूंचे बलवर्धन दिले असता त्यांची शक्ती वाढल्याचे दिसले.

तथापि याचा अर्थ जितके लवकर व जितके अधिक तितके चांगले, असा होत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत तीव्र आजारातच सुरू केलेल्या पुनर्वसनाने पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटले नाही, उलट त्या गटात वर्षभरातील मृत्यू अधिक झाले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७५० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत अतिदक्षता विभागातील नेहमीच्या हालचालींहून अधिक हालचाली करविल्याने विशेष लाभ न होता अनिष्ट घटनांत वाढ झाली. ताप दिसताच कुदळ काढून घेण्याची पॅटरसन यांची दक्षता अशा वेळी आठवते.

कोविड-१९ : २०२० मध्ये पसरलेल्या कोविड-१९ च्या साथीत अल्पावधीत फार मोठ्या संख्येने लोक श्वसनन्यूनतेतून गेले. अनेकांना दीर्घकाळ गुंगीत, पालथे झोपवून व स्टेरॉइडांवर ठेवावे लागले, त्यामुळे स्नायूंची झीज सर्वत्र आढळली. जागतिक आरोग्य संघटनेने घरी करावयाच्या व्यायामांची सचित्र पुस्तिका काढली. ब्रिटनमध्ये २०२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, रुग्णालयातून घरी गेल्यावर काही महिन्यांनीही त्रास उरलेल्या व्यक्तींना दूरस्थ मार्गदर्शनाखाली आठ आठवडे गटाने व्यायाम दिला असता त्यांच्या जीवनमानात सुधारणा झाली.

याच साथीने या पद्धतीची एक महत्त्वाची मर्यादाही दाखवून दिली. काही रुग्णांत थोड्या श्रमानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी तीव्र थकवा, अंगदुखी व बुद्धिमांद्य यांचा झटका येतो व तो दिवसेंदिवस टिकतो. अशा रुग्णांची व्याधी केवळ स्नायूंच्या अशक्ततेने उलगडत नाही. त्यांना ठरावीक वेगाने भार वाढवीत नेल्यास प्रकृती अधिक बिघडू शकते. याच कारणास्तव ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने २०२१ मध्ये दीर्घकालीन थकवा लक्षणसमूहासाठी श्रेणीबद्ध व्यायामाची शिफारस मागे घेतली. बलवर्धन सुरू करण्यापूर्वी रुग्ण यांपैकी कोणत्या गटातील आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

सध्याची पद्धत : बलवर्धनाआधी वैद्यकीय तपासणी, सहा मिनिटे चालण्याची चाचणी, खुर्चीवरून उठबस करण्याची चाचणी व स्नायूंच्या शक्तीचे मापन करतात. एखादी हालचाल एकदाच करता येईल अशा जास्तीत जास्त भाराच्या सुमारे ६० ते ७० टक्के भार घेऊन ८ ते १२ आवर्तनांचे एक ते तीन संच, आठवड्यातून दोन ते तीन दिवस, ही दीर्घकालीन विकारांतील सर्वसाधारण मात्रा होय. हा भार सहज पेलू लागला म्हणजे तो थोडा वाढवितात. अतिशय अशक्त रुग्णाला याहून बऱ्याच हलक्या भाराने आरंभ करावा लागतो. मांडी, नितंब, खांदे व दंड यांच्या मोठ्या स्नायूंना प्राधान्य देतात. श्रमाच्या मात्रेचा अंदाज घेण्यासाठी स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी तयार केलेली शून्य ते दहा अशी श्रमजाणिवेची श्रेणी वापरतात. बोटाला लावलेल्या मापकावर रक्तातील ऑक्सिजन सामान्यतः ८८ ते ९० टक्क्यांखाली गेल्यास व्यायाम थांबवितात किंवा पूरक ऑक्सिजन देतात. छातीत दुखणे, भोवळ, नाडी अनियमित होणे, ताप किंवा थुंकीतून रक्त पडणे या व्यायाम तत्काळ थांबविण्याच्या खुणा होत. पुरेशा प्रथिनांच्या आहाराशिवाय बलवर्धन निष्फळ ठरते.

एका बाबतीत ही पद्धत इतर आधुनिक उपचारांहून वेगळी आहे. तिला महागडी साधने लागत नाहीत. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे, पायरी चढणे-उतरणे, भिंतीला हात टेकून दंड काढणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या किंवा वाळूच्या पिशव्या उचलणे एवढ्यावरही तिचा आरंभ होऊ शकतो. मुख्य गरज असते ती मात्रा ठरविणाऱ्या व रुग्णाला धीर देणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीची. क्षयरोग्यांची संख्या मोठी असलेल्या भारतासारख्या देशात हे विशेष महत्त्वाचे आहे. औषधोपचार पूर्ण होऊन जंतुमुक्त झालेल्या अनेकांना फुप्फुसांतील व्रण व अशक्तता यांचा त्रास पुढेही होत राहतो. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील स्टेलेनबॉश येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिसंवादापासून क्षयोत्तर फुप्फुसविकाराकडे स्वतंत्र प्रश्न म्हणून पाहिले जाऊ लागले. फ्रिमलीच्या रुग्णांपुढे असलेला पुन्हा कामावर कसे परतावे हा प्रश्न अंगमेहनतीवर पोट भरणाऱ्या अशा लोकांपुढे अजूनही आहे. त्यांना तेव्हा नसलेली औषधे आता मिळतात, परंतु औषधांनंतरचे बलवर्धन बहुतेकांना मिळत नाही.